केळव्याच्या वाळूवरची हाळी

त्या दिवशी मी देवीकडे निघाले ती मनात राग ठेवूनच. आई मोठ्या दुखण्यातून उठली होती आणि तिने नवस बोलला होता, की माझी दोन्ही लेकरं मिळून केळव्याच्या शितलादेवीची ओटी भरतील. आता दादाशी तर मी तीन वर्षं बोलत नव्हते. बाबा खोडाळ्याला, आमच्या गावच्या घरी वारले तेव्हा त्याने मला निरोपच पाठवला नाही. कुणाकडून तरी कळून मी पोचले, तोवर चिता विझत आली होती. विचारलं तर म्हणाला, "तुझा बाजाराचा दिवस होता." मोखाड्याच्या बाजारात गोणपाटावर भांडी मांडता मांडता मी स्वतःचं दुकान उभं केलं आहे. ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

जीपमध्ये आमचं बोलणं आईमार्फत चाललं होतं.

"आई, तिला सांग, खिडकी लाव."

"आई, त्याला सांग, माझी खिडकी मी बघीन."

"मला मधे बसवलंय ते याच्यासाठी होय?" आई म्हणाली.

देवळात मी देवीशीही सौदाच केला. आधी त्याने बोलावं, मग मी ओटी भरीन. गिऱ्हाइकाने तोंड उघडल्याशिवाय मी भाव सांगत नाही, तसंच. ओटीचं ताट तसंच राहिलं आणि आई ते घेऊन सुरूच्या झाडांच्या सावलीत जाऊन बसली.

मी आणि दादा पाय धुवायला समुद्राकडे गेलो. तिथल्या जीवरक्षकाने अडवलं. "भरती लागलीय. घोट्याच्या पुढे जाऊ नका. त्या समोरच्या वाळूच्या उंचवट्यावर तर नकोच."

"पाच मिनिटांत येतो की," मी म्हटलं.

"बाई, पाण्याशी घासाघीस चालत नाही."

मला राग आला. मी त्याच्याशी वाद घालत बसले. तेवढ्यात पलीकडे काही मुलं खोल पाण्यात शिरली आणि तो त्यांच्याकडे धावला. दादा स्वतःशीच म्हणाला, "पाऊस नाही, पाणी चढेल कुठून?" आमच्याकडच्या नद्या वरच्या डोंगरात पाऊस झाला तरच फुगतात, आणि पाणी येताना समोरून दिसतं. दादा मधला उथळ ओहोळ ओलांडून समोरच्या वाळूवर जाऊन उभा राहिला.

इथे पाणी त्याच्या पाठीमागून भरत होतं. जीवरक्षक परतला आणि शिट्टी वाजवू लागला, पण शिट्टी आपल्यासाठी आहे हे दादाला कळेना. मग त्याने वळून पाहिलं आणि घाईने ओहोळात पाय टाकला. मी पाण्याकडे धावले. जीवरक्षकाने मला मागे ओढलं. "तुम्ही उतरायचं नाही. धार जोरात आहे. त्याला म्हणावं, मागे वाळूवरच थांब. मी पोचतो."

मी "दादा" म्हणून ओरडले. वाऱ्याने तो शब्द माझ्याकडेच परत आणला. तेव्हा बाबा बांधावरून आम्हाला घरी बोलावताना द्यायचे ती लांब हाळी माझ्या तोंडून निघाली. नेमका त्याच क्षणी वारा पडला. का पडला ते मला ठाऊक नाही. दादाने मान वर केली. मी दोन्ही हात पसरून थांब म्हणून खूण केली. तो मागे वाळूवर चढला आणि उभा राहिला. जीवरक्षक दोर आणि ट्यूब घेऊन त्याच्यापर्यंत पोचला, तेव्हा वाळूवरही पाणी आलं होतं.

किनाऱ्यावर आल्यावर दादा बराच वेळ खोकत होता. मग म्हणाला, "मला वाटलं, बाबाच बोलावतायत."

"निरोप का नाही पाठवलास?" मी विचारलं.

"तुला सांगायची छाती झाली नाही. बाजाराचं नंतर तोंडाला आलं ते बोललो."

माझा राग तिथल्या तिथे गेला असं लिहिणार नाही. पण दादाचे कपडे ओले असतानाच आम्ही दोघांनी ओटी भरली, आणि या वेळी मी काहीच मागितलं नाही. आधी बोलायला मलाच लावून देवीने माझा भाऊ मला दिला. तिच्यापुढे अट घालणारी मी कोण? आता दुकानात कुणी समुद्राला निघालंय असं कळलं की मी सांगते, आधी भरतीची वेळ विचारा, आणि शिट्टी वाजली की मुकाट्याने मागे फिरा.

परतताना विक्रमगडच्या पुढे गार वारा लागला.

"आई, तिला सांग, खिडकी..."

"तूच सांग," आई डोळे मिटून म्हणाली. "ऐकू येतं तिला."

त्याने सांगितलं. मी खिडकी लावली.