आईची वेगळी खोली

नाशिक रोडचं आमचं घर रिकामं करायला मी पुण्याहून गेले तेव्हा वडील सत्तरीच्या पुढे होते, आणि त्यांचा हात अजून तितकाच जड होता. हे पहिल्याच दिवशी कळलं. आईने बरण्या पुसून ओट्यावर मांडल्या होत्या. लोणच्याची एक तरी नव्या जागी नेऊ, असं ती म्हणाली. वडील उठले, त्यांनी ती भरलेली बरणी उचलली आणि मागच्या दारातून अंगणात फरशीवर आपटली. "तिथे मेस आहे," एवढंच म्हणून ते पुन्हा पेपर वाचायला बसले. आईने केरसुणी घेतली. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि तेलात माखलेल्या काचा भरल्या.

त्र्यंबक रस्त्याला ज्येष्ठांसाठी नवी वसाहत झाली होती. बैठी घरं, मधे बाग, जेवायला एकत्र हॉल, दारात डॉक्टर. तिथे जायचं वडिलांनी ठरवलं, घरही त्यांनीच विकलं. दोन खोल्यांत मावेल तेवढंच न्यायचं होतं, आणि काय मावेल तेही तेच सांगत होते. त्यांची आरामखुर्ची, त्यांचा पलंग, त्यांचं कपाट, ट्रान्झिस्टर. आईसाठी एक ट्रंक.

वडील छापखान्यात नोकरीला होते. बाहेर अत्यंत मवाळ माणूस. कुणाच्या घरी आजारपण असलं की रात्रभर दवाखान्यात बसायचे. पण पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू आला की मी आणि धाकटा भाऊ खेळ टाकून घरात यायचो, चपला ओळीत लावायचो, दिवे बंद करायचो. भाजी अळणी झाली, नळ ठिबकत राहिला, मोठ्याने हसलं, काहीही पुरायचं. त्यांचं हत्यार ठरलेलं होतं. मच्छरदाणीच्या बांबूच्या काठ्या. दिवसा त्या पलंगाला टेकवून उभ्या असायच्या.

भाऊ बारावीत गणितात नापास झाला, ते नव्वदीच्या सुरुवातीचं साल. वडिलांनी त्याला मधल्या खोलीत घेतलं आणि आतून कडी लावली. मी आणि आई बाहेरून दार बडवत होतो. आत फक्त काठीचा आवाज येत होता, भावाचा नाही. शेवटी आईने खांद्याने धडका मारून कडी तोडली. बांबू चिरला होता आणि वडील चिरलेल्या बांबूनेच मारत होते. भावाचा डावा कान रक्ताने भरला होता. आई मधे पडली तेव्हा एक फटका तिच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. डॉक्टरांना आईने सांगितलं की मोरीत पाय घसरला. भावाच्या कानाबद्दल सायकलवरून पडला असं सांगितलं. मनगट वाकडंच जुळलं. भावाचा कान गेला तो गेलाच. पुढच्या परीक्षेत पास होऊन तो घर सोडून गेला आणि परत त्या घरात आला नाही. आई त्याला भेटायला स्टँडवर जायची, डबा घेऊन.

आता घर उपसताना यातलं सगळं पुन्हा वर येत होतं. कपाटाला आरसा का नाही, मधल्या दाराची कडी वेगळी का, कोपऱ्यातला स्टूल तीन पायांचा का, हे मला आणि आईला ठाऊक होतं. आम्ही बोलत नव्हतो. निदान जुनी भांडी विकत घेणारा मोडवाला येईपर्यंत तरी नाही.

त्या दिवशी आईने सकाळपासून मागच्या पडवीत पाण्याचा बंब पेटवला होता. मोडकं लाकूड त्यात जात होतं. मी माळ्यावरून गाद्या खाली टाकत होते, तर गाद्यांमागे त्या काठ्या सापडल्या. मी खाली दिल्या. आईने गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला, मोडेनात, तेव्हा अख्ख्याच बंबात खुपसल्या. अर्ध्या बाहेर राहिल्या.

तेवढ्यात मोडवाला आला. तांब्यापितळेची भांडी तराजूत टाकताना त्याने हंडा फिरवून पाहिला आणि एवढा मोठा पोचा कसा पडला, असं सहज विचारलं. लग्नातला हंडा होता तो. आई म्हणाली, "माझ्या पाठीवर मारला होता." जसं विचारलं तसंच उत्तर, साध्या आवाजात. मोडवाला खाली बघत राहिला. वडील पुढच्या व्हरांड्यात बसले होते, त्यांनी ऐकलं.

मोडवाल्याची गाडी वळणावर गेली आणि ते पडवीत आले. वाटेत भरून ठेवलेली खोकी त्यांनी लाथेने उडवली. मग बंबाकडे पाहिलं. काठ्या ओळखल्या. कुणाला विचारून जाळल्या, असं त्यांनी विचारलं. त्यांनी आईचा अंबाडा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मी त्यांचा दंड ओढत होते. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, ओठ फुटला, मी खाली पडले.

पडल्या पडल्या मला दिसलं, आईचा हात मागे चाचपडत होता. तोच वाकडा हात. तिने बंबातून एक काठी उपसली आणि पेटतं टोक त्यांच्या हातावर दाबलं. लगेच काढलं नाही. केस जळल्याचा वास आला. वडील ओरडले. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, ढोरासारखा होता. त्यांनी अंबाडा सोडला.

आईच्या कपाळातून रक्त भुवईवर उतरत होतं. तिने काठी त्यांच्या तोंडासमोर धरली.

"पुढे आलात तर डोळ्यात घालीन," ती म्हणाली.

ते आले नाहीत. धुण्याच्या दगडावर बसले, हात मांडीवर धरून. तेव्हा आईने सांगितलं की वसाहतीत ती त्यांच्या घरात राहणार नाही. दोघं वसाहत बघायला गेले होते त्या दिवशी वडील विजेचा मीटर तपासत होते, तेव्हाच तिने व्यवस्थापक बाईंना गाठलं होतं. तिथेच मागे एकट्या बायकांसाठी असलेल्या इमारतीत तिला खोली मिळाली होती. मलाही हे आता पडवीत पहिल्यांदा कळत होतं.

"लोक काय म्हणतील?" वडील म्हणाले.

"लोकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. आजवर मी बघत आले."

मग ती मला म्हणाली, मलम आण आणि त्यांना लाव, मी लावणार नाही. मी लावलं. माझ्या ओठातलं रक्त त्यांच्या सदऱ्यावर पडलं, तेही त्यांनी पुसलं नाही.

टेम्पोत सामानाचे दोन ढीग गेले. वडिलांनी तिथे सांगितलं की हिला दमा आहे, झोप लागत नाही, म्हणून वेगळी राहते. सुरुवातीला एकदा जेवणाच्या हॉलमध्ये त्यांनी तिचं मनगट आवळलं. चमच्यांचे आवाज थांबले, सगळे वळून बघायला लागले आणि त्यांनी सोडलं. पुढे कधी नाही. ते लोकांची औषधं आणून द्यायचे, दिसत नसलेल्या एका आजोबांना रोज पेपर वाचून दाखवायचे. आई त्यांच्या घरात एकदाही गेली नाही.

काही वर्षांनी वडील तिथेच वारले. शोकसभेला भाऊ आला, मागच्या खुर्चीवर बसला. एकेक जण उठून बोलला. देवमाणूस, मुंगीलाही धक्का लावला नाही. ते आजोबा तर बोलता बोलता रडले. भाऊ उठला, त्याची खुर्ची पडली. तो न ओरडता म्हणाला, "मला ह्या कानाने ऐकू येत नाही. त्यांनी मारून फोडलाय." एक बाई त्याला आवरायला पुढे झाल्या, तर आईने त्यांना हाताने थांबवलं.

"खरं आहे ते," ती म्हणाली.

लोक हळूहळू उठून गेले. मी व्यवस्थापक बाईंशी बोलून आईच्या खोलीकडे गेले तेव्हा दुपार झाली होती. भाऊ आत जमिनीवर गाढ झोपला होता, बूटसुद्धा न काढता. दार लोटून घेऊन आई बाहेर खुर्ची टाकून बसली होती. भेटायला येणाऱ्या बायकांना ती नंतर या म्हणून परत पाठवत होती. मलाही तिने आत जाऊ दिलं नाही.