मायचा खोडलेला शब्द

बालाघाटला एका भाड्याच्या खोलीत हिब्रू शास्त्र आमच्या बोलीत उतरवायचं काम चालायचं. मी तिथे टायपिंग करायचे. आमचा धर्म वेगळा, पण काम ते काम. हिब्रू शिकलेले एक सर प्रत्येक शब्द आधी फोडून सांगत. त्या जुन्या भाषेत राग नाकात राहतो, असं ते म्हणाले तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मसुदा झाला की तो शाळा न पाहिलेल्या बायांना वाचून दाखवायचा, आणि त्यांनी तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, अशी पद्धत होती. त्यासाठी मी किरनापूरकडच्या गावाहून मायला आणलं. गोष्ट दोन बायांची होती. एका लेकरावर दोघींचा दावा. राजा म्हणतो, कापा आणि अर्धं अर्धं द्या. ते ऐकून खऱ्या आईचं काय झालं, तिथे सर अडले होते. मूळ शब्द 'रहमीम', म्हणजे करुणा. तो 'रेहेम'पासून आलेला, म्हणजे गर्भाशयापासून. आणि त्या वाक्यात ती करुणा तापते.

माय म्हणाली, "पोट पेटलं असन तिचं. माहं पेटलं होतं."

मग मान खाली घालून तिने सांगितलं, की माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता आणि तो तीन दिवसांचा होऊन गेला. मला हे तिशी उलटल्यावर, परक्या माणसांसमोर कळलं. सरांनी तिचंच वाक्य घेतलं.

महिन्याभराने मोठ्या शहरातून तपासायला एक साहेब आले. "पोट-बिट काढा. गावठी वाटतं. शास्त्राला शोभेल असं लिहा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मूळ लिहिणाऱ्याला गर्भाशयाची लाज वाटली नाही, आणि या कडक इस्त्रीवाल्याला पोटाची वाटली! गर्भ चालतो तो फक्त परक्या भाषेत, आमच्या बायांच्या तोंडी तो घाण. सरांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. माझ्याच बोटांनी 'तिचं पोट पेटलं' खोडून 'तिले दया आली' टाइप केलं. त्याचा राग अजून जात नाही, आणि तो साहेबावर किती नि माझ्यावर किती, ते मला ठाऊक आहे.

पुढे त्या भाषांतराचं रेकॉर्डिंग निघालं. मी फोनवर घेऊन गावी गेले. मायने चार शेजारणी बोलावून ठेवल्या होत्या. "आता माहं वाक्य येते," ती त्यांना सांगत होती. ते आलं नाही.

"दया?" माय म्हणाली. "दया तं दुसऱ्याच्या लेकराची येते. हे तं तिचंच होतं ना! कोनं बदलवलं वं?"

"मोठ्या साहेबानं," मी म्हटलं.

"अन् तू कुठी होती तवा?"