हळदीवर आलेला आळ

"तोंड मंग पाहू. आधी कान दाखव."

लग्नाच्या मेकअपची चौकशी करायला आलेली मुलगी ताईंच्या पार्लरमध्ये पाऊल टाकायची आणि हे ऐकून गोंधळायची. तिला वाटे, कानातले बघायचे असतील. ताई तिला खुर्चीत बसवून कानामागचे केस बाजूला करायच्या, तिथल्या कातडीवर तीन वेगवेगळ्या क्रीमचे ठिपके लावायच्या आणि चक्क घरी पाठवून द्यायच्या. "उद्या ये. ज्या ठिपक्यानं खाज सुटली, तो बाद."

मी लग्नाचे फोटो काढतो. अमरावतीत एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे आणि त्याच्या बरोबर खाली ताईंचं पार्लर होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. नवरी तयार होतानाचे फोटो काढायची पद्धत आली तेव्हापासून आम्ही दोघं एकाच खोलीत काम करू लागलो. त्या ब्रश फिरवायच्या, मी खिडकीपाशी उभा राहून टिपायचो. साठीला आलेल्या या बाईंना सगळ्या नवऱ्या मावशी म्हणत, मी ताई म्हणत असे.

मेकअप म्हणजे चुना फासणं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तुमच्यापैकी बऱ्याच पुरुषमंडळींची अजूनही असेल. ताईंनी ती पहिल्याच मोसमात मोडून काढली. एका मुलीच्या डोळ्यांखालच्या काळेपणावर त्यांना भडक नारिंगी रंग लावताना पाहून मी कॅमेरा खाली केला होता. नवरीची आई तर उठून उभीच राहिली.

"घाबरू नका," ताई म्हणाल्या. "काया डागावर गोरा रंग लावला तं राखेवानी दिसते. रंगाले रंगानंच मारा लागते. याच्यावर बेस बसला की संत्रं कुठं गेलं ते तुमालेबी सापडणार नाही."

आणि खरंच नाही सापडलं. मी लेन्समधून शोधत होतो.

त्यांच्या पेटीत तीनच रंगांच्या डब्या महत्त्वाच्या होत्या आणि तिन्हींना त्यांनी घरगुती नावं दिली होती. काळपट डागांसाठी संत्रं. लालसर, चुरचुरणाऱ्या कातडीसाठी फिकट हिरवा, म्हणजे कोबी. आणि पिवळट, मरगळलेल्या चेहऱ्यासाठी हलका जांभळा, त्याचं नाव वांग्याचं फूल. डबीवर कंपनीने छापलेली इंग्रजी नावं त्यांना पाठ होती, पण ती त्या उच्चारत नसत. एखादीने मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवून अमुक कंपनीचंच लावा म्हटलं की ताई शांतपणे विचारायच्या, "त्या बाईची कातडी तुह्या तोंडावर हाये का?"

नाजूक कातडीच्या मुली त्यांच्याकडे लांबून येत. वऱ्हाडातल्या मुलींची एक खास अडचण तुम्हीही रस्त्यावर पाहिली असेल. उन्हाळ्यात स्कूटीवर निघताना त्या चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात, फक्त डोळे उघडे. तीन-चार वर्षांत गाल उजळ राहतात आणि डोळ्यांभोवती आडवी काळी पट्टी उमटते. ताई तिला स्कार्फचा नकाशा म्हणत. मग नवरीची कोणीतरी काकू पुढे येऊन सांगायची की पोरीला दोन नंबर गोरी करा. ताईंचा आवाज जराही चढत नसे. "करून देते ना. पण मानेचं काय करू? मान झाकून लग्न लावाचं का?" काकू पाच मिनिटं गप्प बसायची. त्या खोलीत तेवढी शांतता मला फोटोसाठी पुरायची.

आता मुद्द्यावर येतो. मधल्या एका मोसमापासून ताईंनी एक नवीन तक्रार सुरू केली. "पोरी हयद नीट धूत नाहीत." जी नवरी समोर बसे, ती त्यांना पिवळी दिसे. हळद आदल्या दिवशी लागलेली असते, थोडा पिवळेपणा राहतोच, म्हणून कोणी वाद घालत नसे. ताई दुधात कापूस बुडवून चेहरा पुसायला लावत, एकदा, मग पुन्हा. त्यानंतर वांग्याचं फूल जरा सढळ हाताने लावत. "आजकालच्या हयदीत काय मिसळतात कोण जाणे," असं म्हणत. हळद कुटून देणाऱ्या आत्यांना ते लागायचं.

धामणगावला एका लग्नात एक हळवी, पातळ कातडीची मुलगी होती. दोनदा पुसल्यावर तिचे गाल लाल झाले. लालीवर कोबी आला, त्यावर वांग्याचं फूल, त्यावर बेस. मुलगी म्हणाली, "मावशी, थोडं चुरचुरतंय." ताईंनी वारा घातला, फुंकर घातली, आईसारखी समजूत काढली. घरी येऊन मी संगणकावर फोटो उघडले तर नवरी जांभळट करडी. बाजूला उभा असलेला तिचा भाऊ मात्र अगदी जसा होता तसा.

मला आधी कॅमेऱ्याचाच संशय आला. मग हॉलमधल्या दिव्यांचा. मी राखाडी रंगाचं कार्ड आणलं, ते प्रत्येक खोलीत धरून रंग जुळवून घेतले. भिंत बरोबर यायची, हार बरोबर यायचे, नवरीचा चेहरा तेवढा जांभळट. हे कोडं मला झोपू देईना असं नाही, झोप मला चांगली लागते, पण जेवताना मी त्याचाच विचार करायचो. फोटोंचे रंग दुरुस्त करणं हा माझ्या कामाचाच भाग, त्यामुळे अल्बम व्यवस्थित जात होते आणि तक्रार कोणाचीच नव्हती. एकदा ताईंना म्हणून पाहिलं, "ताई, चेहरे जरा जांभळे येताहेत." त्या हसल्या. "तुह्या कॅमेऱ्याचं पोट बिघडलं असन."

त्याच सुमारास त्यांचं टॉवेलवाल्याशी भांडण झालं. पार्लरसाठी पांढरे मागितले आणि त्याने पिवळट पाठवले म्हणून त्यांनी अख्खा गठ्ठा परत केला. त्याने दुसरा दिला. तोही परत गेला. तो बिचारा जिन्यात मला म्हणाला, "भाऊ, याहून पांढरा टॉवेल तं मी जन्मात नाही पाह्यला." मी हसून सोडून दिलं. डोळ्यांसमोरची गोष्ट होती.

मग अकोल्याचं लग्न आलं.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलाजवळच्या सभागृहात. नवरी कृषी सहायक होती, दिवसभर शेतांवर फिरणारी, स्कार्फचा नकाशा अगदी ठळक असलेली. शिवाय कातडी इतकी नाजूक की पूर्वी एका कार्यक्रमात कोणीतरी हौसेने मेकअप केला आणि तिचा चेहरा आठवडाभर सुजला होता. मेकअप नकोच म्हणत होती. ताईंचं नाव ऐकून, कानामागचे ठिपके सोसून, ती तयार झाली होती. "फक्त मी मीच दिसले पाहिजे," एवढी तिची एकच अट.

ती पांढरी साडी नेसून खुर्चीत बसली. ताईंनी तिचा चेहरा न्याहाळला आणि नेहमीचं म्हणाल्या, "हयद नीट नाही धुतली तू. अजून पिवळी दिसून राहिली." बोलता बोलता एका गालावर दुधाचा कापूस फिरला आणि वांग्याचं फूल लागलंही.

"मावशी, आमच्याकडे हळद लावलीच नाही."

"थोडी तरी लावली असन. नावापुरती."

"नाही. आमचं बौद्ध पद्धतीचं लग्न आहे, आणि बाबांनी आधीच सांगितलं होतं, हळद नको. बोटभरसुद्धा नाही लागली."

ताईंचा हात हवेतच राहिला. त्यांनी नवरीकडे पाहिलं, मग तिच्या साडीकडे, मग माझ्याकडे.

"भाऊ, ही साडी कोणत्या रंगाची हाये?"

मला वाटलं थट्टा करताहेत. "पांढरी."

"दुधासारखी का सायीसारखी?"

"दुधासारखी, ताई."

त्या खाली बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कामाच्या मध्ये बसलेलं पाहिलं नव्हतं. ज्या डोळ्यांच्या भरवशावर त्यांनी शेकडो मुलींना मांडवात पाठवलं होतं, ते डोळे खोटं सांगत होते, आणि ते त्यांना एका अनोळखी मुलीच्या साध्या उत्तराने कळलं होतं. त्यांचं तोंड उतरलं. मला फार वाईट वाटलं. त्या क्षणाचा फोटो मी काढला नाही.

पण बाहेर पाहुणे जमू लागले होते आणि नवरीने वांग्याचं फूल पुसून काढलेला गाल लाल व्हायला लागला होता. ताई उठल्या. खुर्ची खिडकीपाशी ओढली. म्हणाल्या, "पोरी, आज माह्या डोयावर भरवसा नाही. लपवत नाही तुह्यापासून. नको म्हणशील तं आत्ताच तोंड धू, तशीबी छान दिसतं."

मुलीने क्षणभर विचार केला. "हात तर तुमचेच आहेत ना? बघायचं काम मी करते." आणि तिने आरसा हातात घेतला.

मग जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ताई बोटाच्या टोकाने रंग टेकवायच्या आणि विचारायच्या, "आता कसं दिसते?" मुलगी सांगायची, "गालाच्या कडेला लाल आहे, मध्ये नाही." तिला कपाशीची पानं निरखायची सवय, लाली कुठून सुरू होते हे ती बरोबर हेरायची. मी कार्ड धरून फोटो काढायचो आणि मागच्या पडद्यावर दोघींना दाखवायचो. कोबी चिमूटभर, तोही कडेलाच. डोळ्यांभोवती संत्रं. वर बेसचा अगदी पातळ हात, घासायचं नाही, नुसतं थापटायचं. एकदा ताईंनी सवयीने जांभळ्या डबीकडे हात नेला आणि मुलीनेच तो अलगद बाजूला केला.

नवरीची आई आत आली, तिने लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कावून, मेकअप कराचा राह्यला का?" ताई भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होत्या, त्या तशाच हसल्या.

परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत गाडीत त्या जांभळी डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग विचारलं, "कवापासून येऊन राहिले फोटो जांभये?"

"दोन मोसम झाले असतील."

"दोन मोसम," त्या म्हणाल्या. "बिचारी हयद. उगाच शिव्या खात होती."

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. भिंग हळूहळू पिवळं होत जातं आणि ज्याचं होतं त्यालाच कळत नाही, कारण सगळं जगच त्याच्यासोबत पिवळं होतं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ताईंनी पहिल्यांदा आरसा मागितला आणि पाहून म्हणाल्या, "मी एवढी म्हातारी कवा झाली?" मग त्यांना नादच लागला. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. आकाश, भाजीवाली, कॅलेंडर, सगळ्यांची तपासणी. एका डोळ्याने पांढरंशुभ्र, दुसऱ्याने चहा सांडल्यासारखं. "तुहा हा शर्ट निळा हाये? मी तं हिरवा समजत होती." अशा दोन दुनिया एकाच बाईला एकाच वेळी दिसाव्यात याचं मलाही इतकं कुतूहल वाटायचं की मी खाली जाऊन त्यांना निरनिराळ्या वस्तू दाखवायचो.

दुसऱ्या ऑपरेशननंतर त्यांनी आणखी काही लग्नं केली, आणि ती फार सुंदर केली. प्रत्येक नवरीच्या हातात आरसा देऊन विचारत, "तुले कसं दिसते?" पुढे लेकीकडे नाशिकला गेल्या. फोन येतो अधूनमधून.

पण मला त्या आठवतात त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारच्या. जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "त्या दोन मोसमांचे फोटो दाखव. तू दुरुस्त केलेले नको. जसे निंघाले तसे."

मी टाळून पाहिलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. एकेक नवरी पडद्यावर येऊ लागली. करडी, जांभळट, गालांवर नको तितका थर. धामणगावची मुलगी आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"एवढ्या पोरी माह्या हातानं अशा बसल्या मांडवात. एकीनंबी नाही सांगतलं."

"ताई, त्यांना आवडलं होतं."

"आवडलं नव्हतं. इश्वास होता."

मग त्यांनी तळहात उचलला आणि नवा, चांगला डोळा झाकून घेतला. जुन्या डोळ्याने त्या धामणगावच्या नवरीकडे पाहू लागल्या. चेहरा हळूहळू सैल झाला.

"पाह्य ना," त्या म्हणाल्या, "कशी गोड दिसून राहिली. मी अशीच केली होती तिले. अशीच." आणि थोड्या वेळाने, "उद्या हा डोया गेला की ह्या पोरी मले अशा कवाच दिसणार नाहीत."

तळहात त्यांनी काढला नाही. दुसऱ्या हाताने मला खूण केली.

"पुढची दाखव."