बबनभाऊंचा होकार

‘राम इज ऑनेस्ट’ या वाक्याचं बबनभाऊंनी ‘राम इज नॉट ऑनेस्ट’ केलं, पेन खिशाला लावलं आणि ते तिसऱ्या तासाची घंटा द्यायला वर्गाबाहेर गेले.

परत आले तेव्हा सगळा वर्ग हसत होता.

“काय झालं?”

“बबनभाऊ, तुमी रामाला चोर केला!” पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

“बाईंनीच सांगितलं नकारार्थी करा म्हनून. केलं.”

“अर्थ न बदलता करायचं होतं,” मी म्हटलं.

बबनभाऊ बाकावर बसले. वही उघडली, मिटली. मग म्हणाले, “न्हाई बी म्हनायचं आन् अर्थ बी बदलायचा न्हाई? बाई, हे तर आमच्या सासऱ्यासारखं झालं. जेवायला बसा म्हनलं की नको नको करत्यात, आन् ताटावरनं लवकर उठत न्हाईत.”

वर्ग पुन्हा हसला. मीही हसले. त्यांच्या सासऱ्यांकडे तेव्हाच नीट लक्ष दिलं असतं, तर माझे पुढचे दोन आठवडे वाचले असते.

बबनभाऊ आमच्या शाळेचे शिपाई. शाळा पिंपळवंडीच्या बाजूची. नव्वदच्या दशकातली, म्हणजे टेबलावर टाइपरायटर आणि कपाटात रजिस्टरं असलेली. ते तरुणपणी दहावीला इंग्रजीत गेले होते आणि तो एक विषय तसाच राहून गेला होता. आता ऑफिसातले जुने क्लार्क रिटायर होणार होते. त्यांचं निम्मं काम बरीच वर्षं बबनभाऊच करत. दाखले लिहिणं, रजिस्टर भरणं, शिष्यवृत्तीचे कागद घेऊन पंचायत समितीत खेपा घालणं. टायपिंगची परीक्षाही त्यांनी नारायणगावला क्लास लावून दिली होती. पण क्लार्क व्हायचं तर दहावी पास हवं. आणि ही जागा एकदा भरली की त्यांच्या नोकरीत पुन्हा रिकामी होणार नव्हती. नवा माणूस तरुण असणार, तो त्यांच्या रिटायरमेंटनंतरही तिथंच बसलेला असणार. हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. म्हणून हेडसरांनी परवानगी दिली आणि बबनभाऊ माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसू लागले. अट एकच, घंटा वेळेवर व्हायला हवी.

आता हा रामाचा प्रश्न काय होता ते सांगते. इंग्रजीच्या पेपरात ‘डू ॲज डायरेक्टेड’ नावाचा प्रकार असे. म्हणजे सांगितलंय तसं करा. त्यात होकारार्थी वाक्य नकारार्थी करायला येई, अर्थ मात्र तोच राहायला हवा. साधी युक्ती अशी की नकार दोनदा घालायचा. एकदा ‘नॉट’ लावायचा आणि एकदा शब्दच उलटा करायचा. ‘ऑनेस्ट’चं ‘डिसऑनेस्ट’. राम अप्रामाणिक नाही, म्हणजेच प्रामाणिक आहे. एक नकार दुसऱ्याला खातो आणि अर्थ जागेवर राहतो. ‘ऑलवेज रिमेंबर’चं ‘नेव्हर फर्गेट’ होतं, तेही तसंच. नेहमी आठवतं म्हणजे कधी विसरत नाही.

मुलं पहिला नकार घालत आणि दुसरा विसरत. मग रामाचा चोर होई, ताजमहाल कुरूप होई. मी दरवर्षी फळ्यावर पायऱ्या लिहून देत असे. पहिली पायरी, दुसरी पायरी, मग तपासा. मला सगळ्याच गोष्टी अशा ओळीनं लागतात. मुलं पायऱ्या सुंदर अक्षरात उतरवून घेत आणि पेपरात रामाला पुन्हा चोर करत. बबनभाऊ त्यांच्याही पुढे. ते कधी दोन्ही नकार विसरत आणि वाक्य आहे तसं उतरवून म्हणत, “अर्थ बदलला का बघा. न्हाई ना?”

माझी अडचण सुटली ती मधल्या सुट्टीत, शाळेच्या कुंपणापाशी. बबनभाऊंचे थोरले भाऊ अजून मेंढरं राखायचे. त्यांचा एक मेंढा बघायला आळेफाट्याकडचा एक पाहुणा आला होता. मी शाळेच्या पायरीवर डबा खात होते, त्यामुळे सगळं दिसत होतं. पाहुण्यानं मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवला. दात बघितले. भोवती एक फेरी मारली. मग आभाळाकडे बघत म्हणाला, “वाईट न्हाई राव.”

भाऊ म्हणाले, “आमचं बी काय द्यायचं मनात नव्हतं.”

मला वाटलं, मोडलं. पण बबनभाऊ खुशीत माझ्याकडे आले. “ठरलं बघा, बाई.”

“कधी? तो तर तोंड वाकडं करून गेला.”

“वाईट न्हाई म्हनला की! म्हंजी नजरंत भरला. ‘चांगला हाय, चांगला हाय’ करणारा माणूस परत येत न्हाई. ह्यो सांजच्याला टेम्पो घेऊन येतोय का न्हाई बघा.”

“आणि तुमचे भाऊ म्हणाले, द्यायचंच नव्हतं.”

“म्हंजी देनार.”

टेम्पो आला की नाही ते मी पाहायला थांबले नाही, मला पाचची एसटी गाठायची होती. पण दुसऱ्या दिवशी कळपात तो मेंढा नव्हता.

मी पुण्यात वाढलेली, लग्न होऊन नारायणगावला आलेली. आमच्या माहेरी आवडलं तर आवडलं म्हणतात, आणि नाही आवडलं तर का नाही आवडलं याची कारणं क्रमवार सांगतात. इथं इतकी वर्षं काढून मला ही बोलायची रीत ऐकू येत होती, पण तिच्याकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात पाहिलं. पालकांना विचारलं, पोरगा घरी अभ्यास करतो का? “करत न्हाई असं न्हाई.” पाऊस कसा आहे? “कमी म्हनता यायचं न्हाई.” हेडसरांनी डब्यातली माझी भाजी चाखली. “नावं ठेवायला जागा नाही.” आणि एखादी गोष्ट सरळ ‘छान आहे’ म्हणाले, तर समजायचं की माणसाला तिच्याशी काही देणंघेणं नाही.

बबनभाऊंना कारण विचारलं. ते म्हणाले, “थेट चांगलं म्हनलं तर दृष्ट लागती. आन् आपलं आपनच चांगलं म्हनलं तर लोक हसत्यात. मंग मधनं जायाचं.”

पुढच्या तासाला मी पायऱ्या पुसून टाकल्या आणि फळ्यावर मराठीत लिहिलं, ‘मेंढा चांगला आहे.’

“मालकासमोर कसं म्हणाल?”

“मेंढा वाईट न्हाई!” सगळा वर्ग एका सुरात.

“‘पोरगी हुशार आहे’ हे तिच्या आईनं कसं म्हणायचं?”

“पोरगी येडी न्हाई!”

“आता हेच इंग्रजीत. राम इज ऑनेस्ट. समजा राम तुमच्याच घरचा आहे आणि पाहुणे बसलेत.”

शेवटच्या बाकावरून बबनभाऊ सावकाश म्हणाले, “राम इज… नॉट… डिसऑनेस्ट.” मग बाक हलेल एवढ्या जोरात मांडीवर थाप मारली. “आवो बाई, हे तर आमाला घरनंच येत व्हतं!”

त्या दिवशी चौथ्या तासाची घंटा उशिरा झाली. हेडसर बाहेर येऊन बघून गेले.

ऑक्टोबरच्या परीक्षेत बबनभाऊ पास झाले. काठावर, पण पास. निकालाच्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा इतका वेळ वाजत राहिली की रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. मला वाटलं, काम झालं.

मुलाखत जानेवारीत झाली, हेडसरांच्या खोलीत. टेबलामागे चौघं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते गावचेच. सेक्रेटरी पुण्याचे, बँकेतून रिटायर झालेले, नुकतेच संस्थेवर आलेले, स्वभावानं सरळ. मग हेडसर आणि शिक्षकांच्या वतीनं मी. उमेदवार दोन. पहिला मंचरचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. त्यानं प्रत्येक प्रश्नाला “येस सर, शंभर टक्के” असं उत्तर दिलं. सेक्रेटरी खूश झाले.

मग बबनभाऊ आले. खुर्चीवर बसायला सांगितलं, तर काठावर टेकले.

“जनरल रजिस्टर भरता येईल का?” सेक्रेटरींनी विचारलं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची जन्मतारखेपासून नोंद असलेलं जाड बाड.

“अवघड न्हाई.”

“टायपिंग?”

“येत न्हाई असं न्हाई.”

“अनुभव आहे म्हणता, म्हणजे काम नीट जमेल?”

“न जमायला काय झालं?”

सेक्रेटरींनी चष्मा काढला. “हे बघा, तुम्हाला ही जागा हवी आहे का?”

बबनभाऊंनी आबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. “नको कशाला म्हनू, साहेब?”

“ठीक आहे. बाहेर बसा.”

मी आबांकडे पाहिलं. ते समाधानानं मान हलवत होते. हेडसरही निवांत होते. त्यांच्या कानांना बबनभाऊंची उत्तरं अगदी व्यवस्थित लागली होती. चार प्रश्न, चार ठणठणीत होकार. सेक्रेटरी मात्र म्हणाले, “माणूस भला दिसतो, पण त्याला यात रस नाही. स्वतःच्या कामाबद्दल एक वाक्य खात्रीनं बोलला नाही. आपण त्या मुलाचं नाव घालू.”

आबा चमकले. “अवो, त्यानं तर समदं कबूल केलं की!”

“कधी?”

“आत्ता. तुमच्या म्होरं.”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनीही एकच माणूस ऐकला होता आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. दोन्हीकडचं कळणारी त्या खोलीत मी एकटीच होते. मी म्हटलं, “सर, त्यांना परत बोलवा. याच प्रश्नांची उत्तरं मी त्यांना दुसऱ्या पद्धतीनं द्यायला लावते. उत्तरं त्यांचीच असतील.”

“म्हणजे कसं?”

“वर्गात करतो तसं. फक्त उलटं.”

बबनभाऊ परत आले. चेहरा उतरला होता. बाहेर त्या मुलानं त्यांना “काका, जमलं का?” विचारलं होतं आणि त्यांनी “वाईट न्हाई झालं” असं सांगितलं होतं, हे नंतर कळलं.

“बबनभाऊ, डू ॲज डायरेक्टेड,” मी म्हटलं. “आता होकारार्थी करायचं, अर्थ न बदलता. ‘न्हाई’ आणि ‘नको’ एकदाही आलं तर मार्क कापणार. जनरल रजिस्टर भरता येईल का?”

त्यांनी तोंड उघडलं. ‘अव’पर्यंत आले आणि थांबले. गावच्या अध्यक्षांसमोर बसून, स्वतःच्या तोंडानं, मला येतं असं म्हणायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं जवळजवळ मिशीला पीळ देणं होतं. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, “बोल बाबा. बाई मार्क कापत्याल.”

“येतं,” बबनभाऊ म्हणाले.

“पूर्ण वाक्य.”

“मला जनरल रजिस्टर भरता येतं.” कान लाल झाले. “दाखलं लिवता येत्यात. टायपिंग येतं. शिष्यवृत्तीचं कागद मीच नेतो नारायणगावला… न्हा…” ते जीभ चावून थांबले. “जुन्नरला, पंचायत समितीत. मीच नेतो.”

“आणि ही जागा?”

आता त्यांनी सरळ सेक्रेटरींकडे पाहिलं. “मला ही जागा पायजे, साहेब. लई वर्सं झाली, मला पायजे.”

सेक्रेटरी बँकेचे. त्यांनी नुसत्या बोलण्यावर भागवलं नाही. दोन्ही उमेदवारांना बोलावून एकेक शाळा सोडल्याचा दाखला रजिस्टरवरून लिहायला सांगितला. त्या मुलाचं अक्षर सुरेख होतं, पण जन्मतारीख अक्षरी लिहायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायच्याऐवजी त्यानं शंभर टक्के खात्रीनं ती जागा कोरी सोडली. बबनभाऊंचा दाखला हेडसरांना नुसती सही करून देता आला असता, असा होता.

सेक्रेटरींनी कागद बाजूला ठेवला. “माझं मत बबनरावांना. आबा, तुमचं?”

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “आपली काय हरकत न्हाई.”

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “बाई, याचं काय समजायचं?”

“पूर्ण होकार, सर. याच्यापेक्षा मोठा आबांकडे नसतो.”

बबनभाऊ क्लार्क झाले. घंटेला नवा शिपाई आला. वर्षभर बबनभाऊ तासाच्या शेवटी खुर्चीतून अर्धवट उठत आणि पुन्हा बसत.

मी नंतर बरीच वर्षं तो धडा शिकवला. पुस्तकात लिहिलेलं असतं की वाक्य नीट फिरवलं तर अर्थ बदलत नाही. ते खरं आहे, फक्त ऐकणारा आपल्याकडचा असला पाहिजे. म्हणून पुण्याला मुलाखतीला निघालेल्या मुलांना मी धड्याच्या शेवटी एक गोष्ट जास्तीची सांगायचे. तिथं गेल्यावर ‘हो’ म्हणायचं असेल तर ‘हो’च म्हणा. दृष्ट काय ती घरी आल्यावर काढू.