मामांच्या फ्लेक्सचा नाजूक फॉन्ट

फ्रेंड्स, आज सास्तूरला मामांचा वाढदिवस. फ्लेक्स मी डिझाइन केला. हातानं लिहिल्यासारखा, केसाएवढ्या बारीक रेषांचा स्क्रिप्ट फॉन्ट. पांढऱ्यावर काळी अक्षरं, मधोमध मामांचा फोटो. मला लई क्लासी वाटला.

सकाळी तो चौकात लागला. लांबून नुसता फोटो दिसायचा, अक्षरं वाचताच येईनात.

थोड्या वेळानं मामांचे लोहाऱ्याचे एक दोस्त हार घेऊन घरी आले. मामींना हळूच म्हणाले, "वहिनी, कधी झालं हे?" त्यांना तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स वाटला होता.

आतून मामाच बाहेर आले. "आणलायस तर घाल गड्या."

मग माझ्याकडं वळले. "पोरी, तिथं लाल-पिवळं जाड अक्षर लाव. हे मात्र पुसू नको. पुढं लागंल."

फॉन्ट मला अजून आवडतो. फाइल सेव्ह करायचीये. तिला नाव काय देऊ?