सवारीचा पोळा

रंगराव कंडक्टर रिटायर झाले त्या दिवशी एसटीनं जे परत घ्यायचं ते घेतलं, आणि एक मोडका चिमटा कुणी मागितला नाही म्हणून त्यांच्या खिशात राहिला. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. तिकिटं यंत्रातून निघायला लागली तशी त्याची गरज संपली होती, पण बोटांची सवय कुठं संपते? जळगाव जामोदच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात रंगराव बसल्या जागी तो वाजवत राहत. टक. टक.

"माह्या डोक्याले भोक पाडून राह्यले तुम्ही," गीताबाई स्वयंपाकघरातून म्हणत.

त्यांची मुलगी पूनम बदली होऊन पुण्याला गेली तेव्हा एक काचेची टाकी आणि तिच्यातली एकुलती एक सोनेरी मासोळी आईबापांकडे ठेवून गेली. दाणे टाकायचं काम रंगरावांकडे आलं. आठ-पंधरा दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं की चिमटा वाजला की मासोळी वर येते. दाणा पडल्यावर नव्हे, पडायच्या आधीच! तीस वर्षं 'आंदर सरका, आंदर सरका' करून घसा बसला, दारातली माणसं काही सरकली नाहीत. आणि ही एका टकमध्ये सरकली. रंगरावांनी तिचं नाव ठेवलं सवारी, म्हणजे पॅसेंजर.

मग शिक्षण सुरू झालं. गीताबाईंची एक प्लास्टिकची हिरवी बांगडी दोऱ्यानं टाकीत टांगली. सवारी बांगडीजवळ आली की टक, आणि एक दाणा. तोंड घातलं की टक, एक दाणा. आरपार गेली की टक, दोन दाणे. महिन्याभरानं घंटी आली. काचेवर नखानं दोन टिचक्या, म्हणजे चल. बसमधल्यासारखंच. दोन टिचक्या दिल्या की सवारी वळायची, पर हलवायची आणि बांगडीतून पार व्हायची. अट एकच, पोट रिकामं पाहिजे. भरल्या पोटी ती घंटीला विचारत नसे.

ही बातमी शेषरावांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शेषराव म्हणजे जळगाव-नांदुरा गाडीवरचे त्यांचे ड्रायव्हर. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीवर. आता गावाला लागूनच शेती करत, आणि दर मंगळवारी बाजाराला आले की रंगरावांकडे चहाला थांबत.

"कंडक्टर, आयकलं ते खरं हाय का बे? मासोळीले घंटी देतं म्हने तू?"

"देतो. अन् ते आयकते."

"आयकते म्हने! अरे, गाडी डायवर चालवते. घंटी त शोभेची असते."

हे वाक्य नवं नव्हतं. बावीस वर्षं प्रत्येक स्टँडवर, प्रत्येक चहाच्या टपरीवर शेषरावांनी ते चारचौघांत ऐकवलं होतं, लोक हसले होते, आणि रंगरावही हसले होते. या वेळी ते हसले नाहीत.

"पोळ्याले ये. बैल घेऊन येशीनच. सगळ्याइसमोर दाखवतो."

"अन् नाई गेली बांगडीतून, त?"

"मंग तू म्हनशीन ते."

"मंग मासोळी माह्या विहिरीत. डासाच्या अळ्या तरी खाईन."

रंगरावांनी टाकीकडे पाहिलं. विहिरीत सोडलेला मासा पुन्हा कुणाचा नसतो.

"मंजूर," ते म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावात बैलांचे खांदे तुपा-हळदीनं चोळले गेले आणि घरोघरी बायांनी बैलांना आमंत्रण दिलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' रंगरावांकडे बैल उरले नव्हते, तरी दाराशी हळदीचा वास आला. ते सवारीला शेवटची तालीम देऊन झोपायला गेले. पोळ्याच्या सकाळी त्यांनी तिला एकही दाणा टाकला नाही आणि गावात पोळा पाहायला निघून गेले.

संध्याकाळी पोळा फुटला. शेषराव आपली जोडी घेऊन दारात आले. गीताबाईंनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. शेजारच्या जयमालाबाई, गल्लीतली दहा-बारा माणसं आत शिरली.

"सरका, आंदर सरका," रंगराव म्हणाले, आणि नखानं काचेवर दोन टिचक्या दिल्या.

सवारी तळाशी बसून होती.

पुन्हा दोन.

"पंक्चर दिसते," शेषराव म्हणाले. माणसं फिदीफिदी हसली.

रंगराव खाली वाकले. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं आणि त्यात पिवळे कण तरंगत होते. सवारीचं पोट टम्म फुगलं होतं.

"गीता, इच्या टाकीत काय गेलं?"

गीताबाईंच्या हातात अजून बैलांचं ताट होतं.

"पुरनपोळी," त्या म्हणाल्या. "म्या देल्ली."

"काऊन पन?"

"काऊन म्हंजे? काल आवतन देल्लं होतं म्या तिले. आपल्या घरी राबनारं जनावर दुसरं कोनतं हाय? आवतन देऊन उपाशी ठेवू का?"

जयमालाबाईंनी तोंडाला पदर लावला. रंगरावांच्या हातातला चिमटा अर्धवट मिटून तसाच राहिला.

"घेऊन जाय," ते शेषरावांना म्हणाले. "कबूल केलं व्हतं."

शेषरावांनी टाकीकडे पाहिलं, मग दारात झुली घालून उभ्या असलेल्या आपल्या बैलांकडे.

"येडा झाला का बे तू? पोळ्याच्या दिवशी म्या बैल जुंपले नाई, अन् तू मासोळी जुंपून राह्यला? वहिनीचं बराबर हाय. उद्या येतो."

माणसं गेली. रंगराव तांब्यातांब्यानं टाकीतलं पाणी काढू लागले. बोअरचं पाणी खारं, ते चालणार नव्हतं, आणि नळ आठ दिवसांनी येणार होता. गीताबाईंनी पिण्याच्या ड्रममधलं दोन बादल्या पाणी आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या करीला, शेषराव एकटेच आले. पाणी स्वच्छ होतं. सवारी मध्यावर आली होती आणि काचेला तोंड लावत होती. रंगरावांनी तिला काही खायला घातलं नव्हतं, आणि गीताबाईंकडून तशी शपथही घेतली होती.

दोन टिचक्या. सवारी वळली, थांबली, आणि बांगडीतून पार झाली. टक. दाणा.

"परत," शेषराव म्हणाले.

परत गेली.

शेषराव खुर्चीत टेकले.

"बावीस वर्षं," ते म्हणाले, "तुह्या घंटीवरच त गाडी हानली म्या. घंटीबिगर एक डाव बी नाई हलवली. पन मले कधी दाना देल्ला का बे तू?"

गीताबाईंनी कालची पुरणपोळी तव्यावर गरम करून, तूप सोडून आणली आणि स्टीलची ताटली टाकीच्याच टेबलावर ठेवली. शेषराव हात लावेनात. रंगरावांनी ताटलीच्या काठावर नखानं दोनदा वाजवलं.

शेषरावांनी घास मोडला.

दोघंही खाली मान घालून हसत होते, त्यामुळे सवारी बांगडीतून पार झाल्याचं कुणी पाहिलं नाही. ती काचेशी येऊन थांबली, टक व्हायची वाट पाहत.