रविवारचा घाणा

मावशींनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "रविवारी आमचा होळीचा सण आहे. दुपारी मला न्यायला ये. आणि हसायच्या तयारीने ये."

यात न कळण्यासारखं काय आहे? मी जुना पांढरा कुर्ता काढला, इंडियन स्टोअरमधून रंगाची पाकिटं आणली आणि घरातूनच दोन्ही गाल गुलाबी करून निघालो. बायको म्हणाली, "अरे, त्या ज्यू आहेत ना? त्यांच्या देवळात, सिनेगॉगमध्ये, रंग खेळतात?"

"त्यांनी स्वतः सांगितलंय. होळीचा सण."

"एकदा कन्फर्म तर कर."

"सणात काय कन्फर्म करायचं?"

माझ्या बहुतेक फजित्यांच्या आधी बायकोचं 'कन्फर्म कर' येतं. मी ते ऐकतो, मान हलवतो आणि गाडी सुरू करतो.

मावशींशी ओळखसुद्धा अशीच झाली होती. इथल्या पार्सिपनी गावातल्या इंडियन स्टोअरमध्ये एक ठेंगणी म्हातारी बाई खसखशीचं पाकीट नाकाशी धरून स्वतःशीच करवादत होती, "वास लागलाय हिला, वास." परदेशात इतकं अस्सल करवादणं ऐकून मी विरघळलो. बोलायला निमित्त हवं, म्हणून त्यांच्या गळ्यातल्या सहा कोनांच्या चांदणीकडे बघून म्हणालो, "श्रीयंत्र फार सुरेख आहे तुमचं."

"श्रीयंत्र नाही रे बाबा. आम्ही बेने इस्राएल. ज्यू. अलिबागकडचे."

"ज्यू? मग मराठी कशी बोलता?"

"तोंडाने," म्हणाल्या, आणि खसखस परत फळीवर ठेवली.

तेव्हापासून त्या माझ्या मावशी. हायवेवर गाडी चालवणं त्यांनी सोडलंय, म्हणून अधूनमधून मी त्यांचा ड्रायव्हर. यजमान गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नाही. मुलं कॅलिफोर्नियात, फोनवर 'मॉम' म्हणतात आणि इंग्लिशमध्ये काळजी करतात.

तर त्या रविवारी मावशींनी दार उघडलं. अंगावर नऊवारी, नाकात नथ, हातात मोरपिसांचा भलामोठा पंखा. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

"हे काय थोबाड रंगवून आलायस?"

"होळी."

त्या उंबऱ्यातच बसल्या. हसणं आवरेना, तेव्हा पंख्याने स्वतःलाच वारा घातला. मग खुलासा झाला. सणाचं खरं नाव पुरीम. पण येतो फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे, म्हणून कोकणात त्यांच्याकडे त्याला होळीचा सणच म्हणायचे. पुरणपोळी व्हायची. रंग नाही.

"मी तोंड धुऊन येतो," मी म्हणालो.

"राहू दे. तिथे सगळे सोंगं काढूनच येतात. तुझं जरा जास्त खरं वाटेल, एवढंच."

गाडीत त्यांनी गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी इराणच्या राजाचा एक दुष्ट प्रधान राज्यातल्या सगळ्या ज्यूंना मारून टाकायला निघाला. राणी स्वतः ज्यू, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने जिवावर उदार होऊन राजाला खरं सांगितलं, आणि प्रधानाने दुसऱ्यासाठी उभारलेल्या फासावर प्रधानच चढला. दरवर्षी याचं धमाल नाटक करायचं. आणि प्रधानाचं नाव आलं की एवढा आवाज करायचा की ते ऐकूच येऊ नये. पुसूनच टाकायचं. (ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला आवाज करावा लागेल, आणि तुम्ही कुठे बसून वाचताय मला माहीत नाही.)

"आणि तुम्ही कोण नाटकात?"

"दासी. या देशात आल्यापासून राणीमागे उभी राहून पंखा हलवतेय. राण्या बदलल्या, पंखा तोच." मग जरा थांबून म्हणाल्या, "यंदा बसवणारा नवीन आहे. डेंटिस्ट आहे. म्हणाला, तुमच्या भाषेत एक वाक्य बोला, फार फनी वाटेल."

"अरे वा!"

"वा काय? मी 'भेंडी कशी पाव किलो' म्हटलं तरी हसतील. आवाजाला हसणारे पुष्कळ आहेत रे. मला बोलण्याला हसणारा हवा. एक पुरे. म्हणून तुला नेतेय."

मला एकदम परीक्षेला बसल्यासारखं झालं. "वाक्य काय आहे?"

"आत्ता सांगितलं तर तिथे शिळं हसशील. माझ्या बाबांचं आहे. आमच्या ओटीवर हे नाटक व्हायचं. बाबा दासी व्हायचे, आईचं लुगडं नेसून. एवढं एकच वाक्य बोलायचे आणि आख्खी आळी लोळायची, सगळ्या जातीधर्मांची. परवा मनात आलं, बाबा गेल्यापासून ते कुणी मोठ्याने बोललेलंच नाही."

मग त्यांनी पंख्याने माझ्या खांद्यावर टोचलं. "एक लक्षात ठेव. आमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी आमचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत. हे विसरलास तर घाण्याच्या बैलासारखा बघत बसशील."

सिनेगॉगच्या दारात पोलिसाची गाडी उभी होती. आत शिरताना पिशव्या तपासत होते. आता माझ्या पिशवीत काय होतं? पाच रंगांच्या पावडरी, नाव-पत्ता नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटांत. तपासणाऱ्या माणसाने एकेक पाकीट बाहेर काढलं. माझ्या गुलाबी तोंडाकडे बघितलं. परत पाकिटांकडे बघितलं. "सर, हे काय आहे?" मी म्हणालो, "फेस्टिव्हल." ते पुरेसं नव्हतं. पोलीसही जवळ आला. शेवटी मावशींनी मध्ये पडून, मी निरुपद्रवी आहे आणि थोडा बावळट आहे, असं दोघांना पटवलं. दुसरा मुद्दा त्यांना चटकन पटला. पाकिटं बाहेरच राहिली.

हा प्रसंग सांगून मी पुढे बऱ्याच जणांना हसवलंय. पण गाडी चालवताना कधी तरी तो दरवाजा आठवतो. आपण देवळात जाताना फार तर चपलांची काळजी करतो. ही माणसं विनोदी नाटक बघायला येतात तीसुद्धा पिशवी तपासून घेऊन, आणि मग आत बसून, आपल्याला मारायला निघालेल्या माणसाला हसतात. दारातला पोलीस आणि आतलं हसणं, यातलं कोण कुणाची राखण करत होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आत एका केळ्याने माझं स्वागत केलं. म्हणजे केळ्याचा वेश केलेल्या सद्गृहस्थांनी. "ग्रेट कॉस्च्युम! व्हॉट आर यू?" मी गोंधळून खरं ते सांगितलं, "सॉफ्टवेअर." ते फार हसले.

नाटक सुरू झालं. राणी झाला होता एक दाढीवाला वकील, आणि प्रधान खुद्द डेंटिस्ट, तीनकोनी टोपी घालून. निम्मे विनोद पार्किंगवर होते. दांडीला धरून गरगर फिरवायचे, कर्रर्र वाजणारे लाकडी खुळखुळे सगळ्यांना वाटले होते. माझ्यापर्यंत येता येता ते संपले. त्यामुळे प्रधानाचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा सगळ्या सभागृहात माझे एकट्याचे हात रिकामे होते.

रिकाम्या हाताने होळीला काय करतात, ते मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मी तोंडावर पालथी मूठ मारत बोंब ठोकली.

पुढच्या रांगेतली सगळी मुलं मागे वळली. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्यांनी खुळखुळे मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघून बोंब मारली. तिसऱ्यांदा त्यांचे आईबापही सामील झाले. आयुष्यात मला पहिल्यांदाच फॉलोअर्स मिळाले होते. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो आणि नाव कधी येतंय याची वाट बघू लागलो. नाटकात दुसरंही काही चाललंय, हे माझ्या डोक्यातून पार गेलं.

मग प्रधान पकडला गेला. राणीपुढे गुडघे टेकून "मला सोडा" म्हणून रडू लागला. राणीमागची दासी हललीच नाही क्षणभर. मग तिने पंखा खाली केला आणि दोन पावलं पुढे आली. सभागृह शांत झालं. मला एकदम आठवलं की मी इथे कशाला आलोय. मी चेहरा हसायच्या बेतात आणला.

मावशींनी श्वास घेतला. "अरे," म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी प्रधानाचं नाव घेतलं.

माझा हात आपोआप वर गेला. माझ्यामागोमाग सगळं सभागृह बोंबललं. त्या गदारोळात मावशींचे ओठ हलताना मला दिसत होते. सुरू केलेलं वाक्य त्यांना थांबवता आलं नसावं. आवाज खाली आला तेव्हा त्यांचं तोंड मिटलेलं होतं. बाबांचं वाक्य बोलून झालं होतं, ते कुणीही ऐकलं नव्हतं, आणि ज्या एका माणसाने ऐकायचं होतं त्यानेच ते बुडवलं होतं. डेंटिस्टने पुढचं वाक्य सुरूही केलं.

मावशींनी पंख्याची दांडी त्याच्या खांद्यावर ठेवली. "वेट," म्हणाल्या. आणि रंगमंचाच्या कडेला येऊन सरळ माझ्याकडे बघितलं.

"मेल्या! तुला हसायला आणलं होतं की बोंबलायला?"

सभागृह हसलं. आवाजाला. मी मात्र उठून उभा राहिलो, का ते विचारू नका. "चुकलं, मावशी! परत म्हणा ना."

"परत? विनोद म्हणजे काय चहा आहे, परत गरम करायला?"

"सोडा ना मावशी, सणाचा दिवस आहे!"

त्या थबकल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. नथ सारखी केली, आणि एकेक शब्द टाकत म्हणाल्या, "सोडलं असतं. शनिवार असता तर सोडलं असतं. शनिवारी घाणा बंद. आज रविवार." मग पंखा माझ्यावर रोखून, "आज घाणा चालू आहे! ये इकडे, तेलच काढते तुझं!"

हसू माझ्या पोटातून फुटलं. शेजारच्या केळ्याला धरून मी खाली बसलो, त्याच्या पिवळ्या बाहीवर माझे गाल उमटले. मग सभागृह हसलं. आधी मी, मग सभागृह. हा क्रम महत्त्वाचा आहे. मावशींनी तो बघितला, आणि पंखा उचलून राणीमागे आपल्या जागी गेल्या.

परतताना त्यांच्या मांडीवर कागदात बांधलेली सणाची त्रिकोणी बिस्किटं होती, आत खसखशीचं सारण. एक चावून म्हणाल्या, "हिलाही वास लागलाय." सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "मूळ वाक्य काय होतं?"

"'आज शनिवार, घाणा बंद. तुझं तेल उद्या काढू.' तू 'सोडा' म्हणालास आणि बाबांचं पुढचं आपसूक आलं. वार तेवढा बदलावा लागला." खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांना चाललं असतं की नाही, देव जाणे."

मी सिग्नलकडे बघितलं. अजून लाल होता.

"खरं सांग. हसलास ते कशाला? माझ्या नथीला?"

"बोलण्याला."

"मग म्हणून दाखव. बाबांचं."

मी म्हटलं.

"चूक. 'घाणा बंद'नंतर थांबायचं. सुटला, असं वाटलं पाहिजे त्याला. मग तेल. म्हण."

दिवा हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, मग तिच्या मागच्या गाडीनेही.

"वाजवू दे," मावशी म्हणाल्या. "त्यांना वाटलं, प्रधानाचं नाव घेतलं. तू म्हण."